संगणकाची झाडलोट आणि डागडुजी



आम्ही कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नाही. तीस वर्षे कामगारांच्या चळवळीत गेली. जे शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा संगणकाविषयी आम्ही बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्याचे हात पोळले आहेत, त्याला विस्तवाविषयी दोन शब्द सांगण्याचा अधिकार असतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीतील संगणकाची डिस्क भरली. एका रविवारी आम्हीच विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘टेम्पररी फाइल्स’ची यादी उघडली आणि दिसेल त्या चौकटीत खूण करून मोकळे झालो. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव होते. थकलेल्या पगाराच्या दाव्यासाठी कामगारांनी पाठविलेल्या पगारचिठ्ठ्या त्याच कप्प्यात होत्या. सुक्याबरोबर ओलेही जळाले. मग घरोघर फिरून कागद पुन्हा जमविले. दोघांच्या चिठ्ठ्या मिळाल्याच नाहीत. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

डिस्कवर तीन प्रकारचा माल असतो. पहिला खरा कचरा: कामापुरत्या केलेल्या फाइली, चित्रांच्या लघुप्रतिमा. हा खुशाल काढावा. गरज पडली तर यंत्र तो पुन्हा तयार करते. दुसरा यंत्राचा स्वतःचा संसार. ‘विंडोज’ नावाच्या कप्प्यातील फाइली कितीही मोठ्या दिसल्या तरी त्यांना हाताने शिवू नये. तिसरा आपला माल: हिशेब, अर्ज, छायाचित्रे. तो कोणतेही यंत्र पुन्हा तयार करून देत नाही. ‘डाउनलोड्स’ यादीत कचऱ्याच्या रांगेत उभा दिसतो, पण तो असतो आपला.

आणखी एक कप्पा आहे, ‘विंडोज डॉट ओल्ड’. मोठ्या अपडेटनंतर जुनी कार्यप्रणाली त्यात राहते आणि साधारणपणे 10 दिवस परतीची वाट उघडी असते. छपाईयंत्र, हिशेबाची आज्ञावली नीट चालते अशी खात्री होण्यापूर्वी तो काढू नये. पुढे यंत्र आपणहून तो काढते.

आता अपडेट. पुष्कळ लोक ‘नंतर’ म्हणून ते ढकलीत राहतात. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका भोकावर ठिगळ दिले. 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू त्याच भोकातून शिरला व सुमारे दीडशे देशांत पसरला. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. ठिगळ जवळजवळ दोन महिने हाताशी होते, बसविले नव्हते! पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, ‘नॉटपेट्या’ पसरला. त्याच्या वाटांपैकी एक वाट तेच भोक होते. त्याने आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत केले. कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यावर जाळी बसविण्याचे काम कोणी उद्यावर टाकले, तर आम्ही गप्प बसत नाही. हेही त्याच जातीचे काम आहे.

अपडेट म्हणजे देवाचा प्रसाद, असेही आमचे म्हणणे नाही. ऑक्टोबर 2018 मधील विंडोज 10 च्या अपडेटने काही लोकांच्या फाइली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावे लागले. विंडोज 10 ची नेहमीची मोफत डागडुजी तर 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. ज्या जुन्या संगणकांवर विंडोज 11 चढत नाही, ते भंगारात टाकण्यापूर्वी मोफत मिळणाऱ्या लिनक्सचा विचार अवश्य करावा.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी आपल्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. मग एकेक नाव वाचून कचरा काढावा. रिसायकल बिनही उघडून पाहिल्यावाचून रिकामा करू नये. जागा झाली की अपडेट घ्यावे, कारण भरलेल्या डिस्कवर ते अर्ध्यातच अडते. आणि हे सारे काम संपल्यावर, सायंकाळी. पगारवाटपाच्या सकाळी नव्हे.

त्या दोन कामगारांनी आम्हांला शब्दानेही दुखविले नाही. पण ते दारात आले की आमची मान आपोआप खाली जाते. तशी वेळ आपणांवर येऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.