नांवाचा अंमल कोठवर?



सेवानिवृत्तीनंतर मी संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकलों, हें ऐकून माझे कांहीं जुने विद्यार्थी हंसतात. हंसोत बिचारे! परंतु त्या शिक्षणांत माझी एकदां जी फजिती झाली, तिच्यामुळें चलाची व्याप्ति म्हणजे काय हें मला पक्कें समजलें. तेंच आज आपणांपुढें मांडतों.

गरजू मुलांना पुस्तकें देण्याचा एक लहानसा निधि मी सांभाळतों. त्याच्या हिशेबासाठीं मीं पायथन भाषेंत आज्ञावली लिहिली. चल म्हणजे मूल्यास दिलेलें नांव. २००८ सालीं निघालेल्या तिसऱ्या पायथनपासून तें देवनागरींतहि लिहितां येतें. मीं आरंभींच 'शिल्लक' या नांवास ५००० हें मूल्य दिलें. पुढें एक फंक्शन, म्हणजे हांक मारतांच ठराविक काम करणारा आज्ञांचा गट, रचिलें. त्यांत ५००० मधून खर्चाचे १८०० वजा करून उत्तर पुन्हां 'शिल्लक' याच नांवास दिलें. फंक्शन चालविलें, त्याच्या बाहेर शिल्लक छापली, तों आंकडा ५०००! यंत्रानें चूकहि दाखविली नाहीं. मीं तो आंकडा खरा मानला आणि आणखी चार मुलांना पुस्तकांचा शब्द देऊन बसलों.

असें कां झालें? आपल्याकडे घरोघर एक 'बाळ' असतो. आपण घरांत "बाळ, पाणी आण" म्हटलें, तर शेजारचा बाळ उठत नाहीं. फंक्शन हें तसेंच एक घर आहे. त्याच्या आंत ज्या नांवास मूल्य द्यावें, तें नांव त्या घरचें होतें. बाहेरच्या त्याच नांवाला त्याचा स्पर्शहि होत नाहीं. माझे ३२०० घरांत जन्मले आणि फंक्शन संपतांच नाहींसे झाले.

मात्र घरांत बाळ नसेल, तर हांक बाहेर जाते. नुसतें मूल्य वाचावयाचें असेल, तर पायथन प्रथम फंक्शनच्या आंत, मग त्यास वेढणाऱ्या फंक्शनांत, मग सबंध आज्ञावलीच्या पातळीवर आणि शेवटीं भाषेनें स्वतः पुरविलेल्या नांवांत शोध घेतो. येथेंच नवशिका फसतो: वाचतांना बाहेरचें दिसतें, म्हणून बदलतांहि येईल असें त्यास वाटतें. मीं आंत 'शिल्लक' मधूनच खर्च वजा केला असता, तर पायथन अडून बसला असता. कारण मूल्य दिलें जात असल्यानें तें नांव घरचें ठरतें, आणि घरच्या शिलकेस अद्याप मूल्यच नसतें. तसें झालें असतें तर बरें होतें.

ही व्यवस्था विनाकारण नाहीं. मोठी आज्ञावली पुष्कळ माणसें मिळून लिहितात. एकाच्या शिलकेनें दुसऱ्याची शिल्लक बिघडूं नये. १९६० सालच्या अल्गोल भाषेंतहि हा नियम होता. घर कशास म्हणावें, हें मात्र भाषेगणिक बदलतें. सी भाषेंत महिरपी कंसांतला आज्ञांचा गट हें घर. पायथनमध्यें 'इफ' व 'फॉर' यांना तो मान नाहीं.

फंक्शनमध्यें 'ग्लोबल' हा शब्द लिहून बाहेरचें नांव बदलतां येतें. पण मला तो मार्ग पसंत नाहीं, कारण मग कोणी केव्हां काय बदललें याचा माग लागत नाहीं. आतां माझें फंक्शन आरंभींची शिल्लक व खर्च मागून घेतें, ३२०० परत देतें, आणि बाहेरची 'शिल्लक' तें उत्तर स्वीकारते. त्या चार मुलांचीं पुस्तकें मीं पेन्शनमधून घेतलीं. हें घरांत अद्याप सांगितलें नव्हतें. आज रेडिओवरून कळेल.