बोगोटाची वाट

फुटबॉलमध्ये सेंटर-हाफ म्हणजे वाड्याच्या दाराशी उभा राहणारा राखणदार! महायुद्धानंतर इंग्लंडचे हे दार राखले स्टोकच्या नील फ्रँकलिनने. १९४६ ते १९५० या काळात तो देशासाठी लागोपाठ २७ सामने खेळला. धसमुसळेपणा त्याच्या खेळात नव्हताच. प्रतिस्पर्ध्याच्या पायांतून चेंडू अलगद काढून घ्यावा, ही त्याची रीत.

अशा गुणी माणसाला मिळे काय? आठवड्याला फार तर १२ पौंड! त्याहून अधिक वेतन देण्यास क्लबांना बंदीच होती. मैदाने गर्दीने फुलत. गल्ला मात्र क्लबाचा.

१९५० साली कोलंबियातील बोगोटाच्या सांता फे क्लबाने कितीतरी मोठी रक्कम देऊ केली. फ्रँकलिन कुटुंबासह निघाला. पण कोलंबियाची लीग तेव्हा जागतिक संघटनेबाहेर होती. तिकडे जाणे म्हणजे विश्वचषकावर पाणी सोडणे! त्याच जूनमध्ये ब्राझीलमध्ये अमेरिकेने इंग्लंडला १-० असे हरवले. राखणदार जागेवर नव्हता.

परक्या शहरात त्याला करमेना. थोड्याच महिन्यांत तो परतला, तर मायदेशात त्याच्या खेळण्यावरच बंदी! ती उठल्यावर १९५१ मध्ये हल सिटीने २२,५०० पौंड मोजून त्याला घेतले. पुढे क्रू, मग स्टॉकपोर्ट, अशी उतरती भाजणी लागली. नंतर प्रशिक्षक म्हणून त्याने सायप्रसही पाहिले. इंग्लंडच्या संघात मात्र त्याला पुन्हा जागा मिळाली नाही.

१९६१ साली वेतनाची ती मर्यादा उठली. फ्रँकलिन तेव्हा चाळिशीला टेकला होता. वाट पाडणाऱ्याच्या पायांत काटे रुतले. मागून येणाऱ्यांना सडक मिळाली.