बोनस : कामगाराचा आणि कॅसिनोचा

बोनस हा शब्द कामगाराच्या चांगल्या ओळखीचा आहे. 1950 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या खटल्यात लेबर अपीलेट ट्रायब्युनलने बोनसचे सूत्र घालून दिले आणि नफ्याच्या शिलकीवर कामगाराचाही हक्क मान्य झाला. तो बोनस घामाचा असतो. एकदा हाती पडला की त्याला अट चिकटत नाही.

हल्ली मोबाईलवर दुसराच बोनस दिसतो. ‘शंभर भरा, शंभर बोनस घ्या’ ही कॅसिनोची जाहिरात. शब्द तोच आहे, हिशेब मात्र निराळा. तो आज मांडून पाहू.

प्रथम खेळ समजून घेऊ. ‘लाइव्ह डीलर’ म्हणजे पडद्यावर प्रत्यक्ष माणसाने चालवलेला डाव. लॅटव्हियातील रिगा शहरात अशा खेळांचे मोठे स्टुडिओ आहेत. तेथे टेबल खरे, चक्र खरे, आणि पाळीने कामावर येणारी पत्ते वाटणारी माणसेही खरी. कॅमेरे ते चित्र दूरदेशी पोचवतात, कोणते पान पडले ते यंत्र वाचते, आणि हार-जितीचा हिशेब संगणक करतो. माणूस समोर दिसला की विश्वास बसतो. चक्र सरळ आहे असेच आपण धरून चालू, कारण ते वाकडे करण्याची मालकाला गरजच नाही.

युरोपीय रूलेटच्या चक्राला 37 खण असतात. एका आकड्यावर 1 युरो लावला आणि तो आला, तर लावलेल्या युरोसह 36 परत मिळतात. म्हणजे लावलेल्या दर 37 युरोंमागे सरासरीने एक मालकाकडे राहतो. शेकडा 2.70.

आता बोनस. समजा, 100 युरो भरले व 100 बोनस मिळाला. अट अशी की बोनसच्या 35 पट रक्कम डावावर लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे 3,500 युरो लावायचे. त्यावर सरासरी नुकसान सुमारे 95 युरो, आणि बोनस तर 100 चा! मग मालकाला हे परवडेल कसे?

यासाठीच बारीक अक्षरात दुसरी अट असते. लाइव्ह खेळात लावलेल्या रकमेचा पुष्कळदा दहावा हिस्साच मोजला जातो, कोठे तर काहीच नाही. दहावा हिस्सा मोजला तर 3,500 चे 35,000 होतात आणि सरासरी नुकसान 946. खेळणाऱ्याजवळ सारे मिळून 200! अट पुरी होण्याआधीच बहुतेकांचा खिसा रिकामा होतो. ब्लॅकजॅक बिनचूक खेळले तर मालकाचा हिस्सा शेकडा अर्ध्यापर्यंत उतरतो, तरीही 35,000 वर 175 जातात. शिवाय मुदत असते, एका डावात किती लावावे याला मर्यादा असते, आणि तांबड्या-काळ्यावर एकदम लावून अट पुरी करण्यास बहुधा मनाई असते.

ऊसतोड मजुराला मुकादम उचल देतो, ती फिटेपर्यंत मजूर बांधलेला. पण ती उचल निदान रोकड असते. हा बोनस नुसता पडद्यावरचा आकडा, आणि तो फेडायचा स्वतःच्या पैशाने.

ब्रिटनने जानेवारी 2026 पासून ही अट जास्तीत जास्त दहा पटींवर आणली. आपल्या संसदेने 2025 साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. तरी परदेशी जाहिरात कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर येतेच, आणि तिकडे बुडालेल्या पैशाची दाद मागणे फार अवघड.

पडद्यावर हसणारी ती डीलर मुलगीही पगारी नोकरच. 2024 च्या जुलैत जॉर्जियाच्या तिबिलिसी शहरात अशाच स्टुडिओतील कामगारांनी पगार आणि कामाची परिस्थिती यांसाठी संप केला. टेबलाच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघेही मालकाचा नफा वाढवत असतात.

म्हणून घरातल्या मुलाने असा बोनस दाखवला, तर त्याच्यावर रागावू नका. कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याशेजारी बसा आणि एकच विचारा : हे शंभर सोडवून घ्यायला एकूण किती लावावे लागतील? उत्तर त्यालाच काढू द्या.