गाडीची बॅटरी वारंवार उतरतेय? नवी घेण्याआधी गळती शोधा

सोमवार सकाळ, साडेसहा. गाडीत माल भरलाय, डोंगरावरच्या कॉलेजच्या मेसला सातच्या आत पोचवायचाय, आणि चावी फिरवली की नुसतं 'टक टक'. लवळ्यात इतक्या सकाळी मेकॅनिक कुठून आणणार? माझ्या डिलिव्हरी व्हॅनचं हेच व्हायचं. मी काय केलं? सरळ नवी बॅटरी टाकली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच! पैसे गेले आणि दुखणं तसंच राहिलं. म्हणून आज नीट समजून घेऊ.

लागतं काय? चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि १० नंबरचा पाना.

आधी व्होल्टेज बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. आता गाडी चालू करून मोजा. १३.५ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. नाही आलं, तर दोष चार्जिंगमध्ये आहे, पुढची कसरत नको.

मग गळती मोजा. घड्याळ-अंगठी काढा. चावी काढा, दारं बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. मीटर १० अँपिअरवर ठेवा, लाल वायर १०A च्या भोकात. मीटरचं एक टोक सुटलेल्या केबलला, दुसरं निगेटिव्ह टर्मिनलला. सुरुवातीला आकडा जास्त दिसेल, घाबरू नका. अर्धा तास थांबा, गाडीतले कंट्रोलर झोपू द्या. त्यानंतर ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर ठीक. आणि एक लक्षात ठेवा, मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारायचा नाही. मीटरचा फ्यूज उडेल.

माझ्याकडे आकडा आला ०.४८. किरकोळ वाटतो ना? हिशोब करा. रविवारी दुकान बंद. शनिवार रात्र ते सोमवार सकाळ, धरा ३४ तास. ०.४८ गुणिले ३४, म्हणजे १६ अँपिअर-तासांच्या वर. माझी बॅटरी ३५ ची. निम्मी गेली! त्यात रोजच्या छोट्या फेऱ्यांत ती पूर्ण भरतच नव्हती. म्हणून त्रास नेहमी सोमवारीच.

आता एकेक फ्यूज काढा. एक काढा, आकडा बघा, परत लावा, मग पुढचा. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू नका. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल, त्याच लाइनवर चोर आहे. माझ्याकडे तो निघाला म्युझिक सिस्टिमचा. बसवणाऱ्याने लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून टाकली होती. पिवळी कायम चालू असते, पण लाल चावीवर बंद व्हायला हवी. लाल वेगळी करून चावीच्या लाइनवर घेतली. आकडा ०.०२! खर्च फक्त इन्सुलेशन टेपचा.

तुमच्याकडे डिकीचा दिवा असेल, बाहेरून बसवलेला ट्रॅकर असेल, किंवा उंदराने कुरतडलेली वायर. पावसाळ्यात मुळशीकडे बॉनेट उघडून बघाच.

हे करू नका: फ्यूज उडत असेल तर मोठा लावू नका, चांदी गुंडाळू नका. वायर पेटते. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू नका. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबलपासून लांब राहा. केबल परत लावताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

आता धंद्याचं बोलू. गल्ल्यात पैसा टिकत नाही म्हणून आपण काय करतो? कर्ज काढून भांडवल ओततो, म्हणजे नवी बॅटरीच टाकतो! त्याऐवजी एकेक खर्च फ्यूजसारखा बाजूला काढून बघा. उधारी, खराब होणारा माल, रिकाम्या फेऱ्या. गळती सापडली की जुनंच भांडवल पुरतं.

मीटर कसा जोडायचा ते व्हिडिओत सावकाश दाखवलंय. रविवारी अर्धा दिवस काढा, सोमवार वाचेल.