पुढच्या आठवड्याची हमी

१९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाली, तेव्हा इंदापुरात आमच्याकडे वीज जाण्याची वेळ आणि मालिकेची वेळ बऱ्याचदा एकच यायची. व्योम कुठेतरी संकटात सापडलेला असायचा आणि पडदा काळा व्हायचा. आम्ही चरफडायचो, पण घाबरायचो नाही. तो सुटणार हे पक्के होते; नाहीतर पुढच्या आठवड्यात दाखवणार काय? चित्रपटाचे तसे नव्हते. त्यासाठी एसटीने बारामती गाठायची, तिकीट काढायचे, आणि तीन तासांत जे व्हायचे ते होऊन जायचे. नायक मेला तर मेला. अशा दिवशी परतीच्या गाडीत निमगाव केतकी येईपर्यंत कोणी बोलत नसे.

केतन मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि मिलिंद सोमण नायक असलेल्या या मालिकेवर चित्रपट काढण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. अशा वेळी चर्चा होते ती यानांची, दृश्यचमत्कारांची आणि खर्चाची. मला वाटते, खरी अडचण त्या हमीची आहे. दर आठवड्याला परत येणाऱ्या माणसांवर जे प्रेम बसते, ते ती परत येतात म्हणूनच बसते. चित्रपटाला मात्र काहीतरी कायमचे घडवावे लागते.

या वाटेवरचे जुने उदाहरण इंग्लंडचे आहे. नायजेल नील यांनी लिहिलेली ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही सहा भागांची मालिका बीबीसीने १९५३ मध्ये थेट प्रक्षेपित केली. तीन अंतराळवीर जातात, एकच परततो, आणि त्याच्या देहात बाकीच्या दोघांना गिळून बसलेला एक परका जीव वाढत असतो. मालिकेच्या शेवटी प्राध्यापक क्वाटरमास वेस्टमिन्स्टर ॲबेत त्या अक्राळविक्राळ जीवासमोर उभा राहतो आणि त्याच्या आत उरलेल्या तीन माणसांना हाक मारतो. ती माणसे ऐकतात, आणि तो जीव स्वतःला संपवतो. १९५५ साली हॅमर कंपनीने यावरून ऐंशी मिनिटांच्या आसपासचा चित्रपट काढला. त्यात त्याच जागी विजेचा झटका देऊन त्या जीवाला जाळतात. झटका पडद्यावर छान दिसतो, यात शंका नाही. पण सहा आठवडे त्या तिघांबरोबर राहिलेल्या प्रेक्षकालाच ती हाक कळली असती. चित्रपटाकडे ते सहा आठवडे नव्हते. नील यांना चित्रपट आवडला नाही, यात नवल नाही.

‘स्टार ट्रेक’ने दोन्ही प्रकार करून पाहिले. मूळ मालिका १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे चालली. १९७९ चा पहिला चित्रपट ज्या कथेवर उभा राहिला, ती खरे तर नव्या, पण कधीच न आलेल्या मालिकेच्या पहिल्या भागासाठी होती. एका भागाचा ऐवज, त्यावर अफाट खर्च. त्यात कॅप्टन कर्क आपले जुने यान पुन्हा पाहतो तो प्रसंग कित्येक मिनिटे चालतो. दहा वर्षे वाट पाहिलेल्यांचे डोळे भरून येतात. बाकीचे घड्याळ पाहतात.

१९८२ चा दुसरा चित्रपट पहिल्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्चात झाला. त्याने मालिकेतला १९६७ चा एकच भाग उचलला, ज्यात कर्क खान नावाच्या शत्रूला एका निर्जन ग्रहावर सोडून देतो. मालिकेत असा शत्रू पुढच्या आठवड्यापर्यंत विसरला जातो. चित्रपट विचारतो, त्या माणसाचे पुढे काय झाले? कर्कलाही तो वय देतो, वाढदिवसाची भेट म्हणून वाचायचा चष्मा देतो. आणि शेवटी स्पॉक मरतो. दोनच वर्षांत पुढच्या चित्रपटाने त्याला परत आणायची वाट धरली, हा भाग वेगळा. हमीची सवय सहज सुटत नाही.

‘फायरफ्लाय’ या अमेरिकी मालिकेचे १४ भाग तयार झाले होते. २००२ मध्ये ११ दाखवून ती बंद केली. चाहत्यांनी ती जिवंत ठेवली आणि २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट आला. नव्या प्रेक्षकासाठी दिग्दर्शक जॉस व्हीडन सुरुवातीलाच कॅमेरा यानाच्या खोल्याखोल्यांतून हिंडवतो. कप्तानाच्या मागोमाग चालता चालता घरातली सगळी माणसे भेटतात, लग्नघरात शिरल्यासारखी. पुढे यानाचा चालक जवळजवळ अशक्य वाटणारे यान उतरवतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि त्याच क्षणी तो मारला जातो. निरोपाचे भाषण नाही, संगीत नाही. मालिका पाहिलेल्यांनी हे अजून माफ केलेले नाही. तिकीटखिडकीवर खर्चाच्या आसपासच कमाई झाली. पण त्या धक्क्यानंतर चित्रपटातल्या कुणाच्याही जिवाची खात्री उरत नाही, आणि शेवटची अर्धी घटका माणूस खरोखर जीव मुठीत धरून बसतो.

आता व्योमकडे. बाविसाव्या शतकात अवकाशातल्या तुरुंगातून बारा गुन्हेगार पळतात आणि तो एकेकाला पकडतो, ही रचनाच मालिकेची आहे. बाराही जण चित्रपटात कोंबले तर नुसती हजेरी होईल. आपल्याकडे याचे उत्तर खरे तर जवळच आहे. मराठी विज्ञानकथा दिवाळी अंकांत वाढली, एका बैठकीत वाचून होणारी. एक कल्पना, तिचा एक परिणाम, आणि पूर्वीसारखे काहीही न ठेवणारा शेवट. चित्रपटाचे नाते मालिकेपेक्षा या कथेशी अधिक आहे. बारांपैकी एकच गुन्हेगार घ्यावा; शक्य तर असा, ज्याला व्योमने पूर्वी एकदा पकडले होते आणि मग जो विसरला गेला. अनोळखी ग्रहासाठी परदेशी जायचीही गरज नाही. उजनीचे पाणी खूप आटले की पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे देऊळ वर येते, भोवती भेगाळलेला गाळ. तिथे यान उतरवावे.

माझ्या भाचीने मालिका पाहिलेली नाही. तिला पहिल्या दहा मिनिटांत व्योम कोण हे कळले पाहिजे, आणि मला शेवटच्या दहा मिनिटांत तो परत येईल की नाही हे कळता कामा नये.