तीन पत्ती : आंधळी चाल आणि डोळस चाल

सौंसरच्या परिसरात पोळ्याचे बैल गोठ्यात परतले की ओसरीवर सतरंजी अंथरली जाते आणि पत्त्यांची जोडी बाहेर निघते. या खेळाला करमणूक म्हणावे की जुगार, हा वाद जुना आहे. परंतु त्यात पैसा कोणत्या नियमाने वाढतो, याची विचारपूस खेळणारेही क्वचितच करतात.

प्रत्येक गड्याने आरंभी समान रक्कम मध्यभागी टाकावयाची, तिला ‘बूट’ म्हणतात. मग प्रत्येकास तीन पाने मिळतात. पाने न पाहता खेळणारा तो ‘ब्लाइंड’. त्याने चालू रकमेइतके, फार तर तिच्या दुप्पट पैसे लावावेत. पाने पाहिलेल्यास मात्र चालू रकमेच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत मोजावे लागते. ज्ञानाची ही किंमत होय. आंधळ्याने दहा रुपये लावले, तर डोळसाला किमान वीस टाकणे भाग पडते. त्याने चाळीस टाकले, तर त्याच्या निम्मे, म्हणजे वीस, ही पुढील गड्यासाठी चालू रक्कम ठरते. दोनच गडी उरले की पैसे भरून ‘शो’ मागता येतो. प्रतिपक्षी ब्लाइंड असेल, तर डोळसाला तोही हक्क नसतो. त्याने खेळत राहावे किंवा पाने टाकावीत.

तीन पाने 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी 16,440 प्रकारांत जोडीसुद्धा नसते. सारख्या तीन पानांचा ‘ट्रेल’ 425 डावांत सरासरी एकदाच येतो. म्हणजे बहुतेक वेळा हातात काहीच नसताना माणूस रक्कम वाढवीत असतो. बूट एक रुपयाचा असून प्रत्येकाने आधीची रक्कम दुप्पट करीत नेली, तर दहावी चाल 1,024 रुपयांची होते. रुपयाने सुरू झालेला डाव हजारावर पोहोचण्यास काही मिनिटे पुरतात.

याच कुळातील पाश्चात्त्य खेळ म्हणजे पोकर. त्यात पैसे लावण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत वाढीची रक्कम आधीच ठरलेली असते आणि एका फेरीत किती वेळा वाढवावयाचे, यालाही सहसा मर्यादा असते. दुसरीत मध्यभागी जमलेल्या रकमेएवढीच वाढ करता येते. तेथे शंभर असून एकाने पन्नास लावले, तर दुसऱ्याने प्रथम आपले पन्नास जमेस धरावेत. रक्कम दोनशे होते, म्हणून आणखी दोनशे, एकूण अडीचशे, एवढी त्याची कमाल मर्यादा. तिसरीत हाताशी आहे ते सर्व लावता येते.

मात्र या तिन्हींवर एक लगाम असतो. डाव सुरू होताना जे पैसे पटावर आहेत, तेवढेच धोक्यात पडतात. मध्येच खिशात हात घालता येत नाही आणि कमी पैशांच्या गड्याला केवळ पैसे संपले म्हणून बाहेर काढता येत नाही. तो आपल्या वाट्यापुरत्या रकमेसाठी झुंजतो. उरलेल्यांच्या जादा रकमेचा वेगळा हिशेब होतो.

ओसरीवरील तीन पत्तीत हा लगाम बहुधा नसतो. पैसे संपले तर पाने टाकावीत किंवा उसने घ्यावेत. येथेच संत्र्याच्या बागेचा विसार आणि कापसाची पट्टी पटावर येते. द्यूतसभेत धर्मराजाची चूक पहिल्या फाशात नव्हती. कोठे थांबावयाचे, हे आधी ठरले नव्हते, ही ती चूक होती.

कायद्याची दृष्टीही जाणून घ्यावी. 1867 च्या सार्वजनिक जुगार अधिनियमाने केवळ कौशल्याचे खेळ वगळले. सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले, तीन पानांच्या खेळाला मात्र दैवाधीन ठरविले. 2025 च्या केंद्रीय कायद्याने तर पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, निषिद्ध केले.

सणाच्या रात्री घरातील मंडळींना पत्ते खेळावयाचेच असतील, तर चिंचोके आहेतच. चिंचोक्यांच्या डावातही तीच चाल, तीच हुरहूर आणि तोच शो असतो. सकाळी उठल्यावर कोणी कोणाचे देणे लागत नाही, एवढाच काय तो फरक.