लोखंडी कढई व घरांतील रक्तक्षय

चुनखडीच्या जमिनींत उसावर केवडा पडला, कीं बागाइतदार लागलीच हिराकस देतो. जमिनींत लोह असतें, पण चुनखडीमुळें तें मुळांस घेतां येत नाहीं, हें त्यास ठाऊक असतें. मग घरांतील स्त्रीचीं नखें फिकीं पडून तिला चालतांना धाप लागते, तेव्हां तो आळस कां समजावा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत (२०१९-२१) महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ रक्तक्षयग्रस्त आढळल्या.

आमचें थेरगाव महानगरपालिकेंत गेलें. भाकरीचा लोखंडी तवा राहिला, परंतु कढईची जागा ॲल्युमिनियमनें घेतली. ती कढई परत चुलीवर यावी, असें आम्हांस वाटतें. इथिओपियांतील मुलांवरील एक प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. लोखंडी भांड्यांत शिजलेलें अन्न खाणाऱ्यांचें हिमोग्लोबिन वर्षांत सरासरी १.७ ग्रॅमनें वाढलें. ॲल्युमिनियमच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्यांचें ०.४ ग्रॅमनेंच.

चिंच-आमसुलाच्या आंबट कालवणांत लोह अधिक उतरतें. शिजतांच तें दुसऱ्या भांड्यांत काढावें. कढई कोरडी पुसून तेलाचा हात फिरवावा. चुनखडी जशी पिकास, तसा जेवणावरचा चहा शरीरास लोह घेऊं देत नाहीं. लिंबाची फोड मात्र साह्य करते.

तथापि कढई म्हणजे औषध नव्हे. रक्त तपासून डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच. पिकाचा फिका रंग बांधावरून ओळखणाऱ्या आमच्या वाचकांनीं घरच्या माणसांच्या तोंडावरचा रंगही वेळींच ओळखावा, ही विनंति.